अकरा महिन्यांचा भाऊ

2024मध्ये महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पाठोपाठ मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली आणि लोकांनी लगेच तिचं बारसं उरकलं: लाडका भाऊ. बारावी पास भावाला महिन्याला 6,000 रुपये, आयटीआयवाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिने.

बरेच भाऊ ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कचेरीत रुजू झाले. फायली लावायला शिकले, अर्ज भरायला शिकले. आता हे कौशल्य वापरायचं कुठं? त्याच कचेरीत. आणि तिथं कायम करायची सोय योजनेत नाही. मुदत संपत आली, आंदोलनं झाली, सरकारने आणखी 5 महिने दिले. एकूण 11. महाराष्ट्रातला घरमालकही भाडेकरूशी एवढ्याच महिन्यांचा करार करतो. माणूस कायमचा चिकटू नये, ही काळजी दोघांनाही सारखीच.

कौशल्याचा पुरवठा मात्र जोरात आहे. ऑक्टोबर 2023मध्ये 34 जिल्ह्यांतल्या 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं पंतप्रधानांनी एकाच दिवशी, दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन केलं. (मुंबईचे दोन जिल्हे तेवढे सुटले.) केंद्र गावात, प्रमाणपत्रही गावात. नोकरीसाठी मात्र चाकण-रांजणगावच्या कारखान्यांकडे जाणारी एसटी पकडावी लागते.