शंभर टक्के पूर्ण, पुढे?

जयपूरच्या वैशाली नगरात आम्रपाली सर्कलच्या आसपास एक फेरी मारा. बँक, दवाखाना, मोबाइलचं दुकान, दागिन्यांची शोरूम, विम्याची कचेरी. सगळीकडे कुणी ना कुणी स्क्रीनकडे बघत काहीतरी नवं शिकतंय. नवं सॉफ्टवेअर, नवा नियम, नवा फॉर्म. समोर गिऱ्हाईक खोळंबलंय. या शिकण्यासाठी वेगळा वेळ कुणी दिलाय?

कुणीच नाही.

जयपूर असो वा पुणे, दर उन्हाळ्यात अशा कचेऱ्यांमध्ये एमबीएची मुलं प्रोजेक्टसाठी येतात. हातात प्रश्नावली. आवडता विषय, ‘कर्मचारी प्रशिक्षणात तंत्रज्ञानाची परिणामकारकता’. विषय चांगला आहे, आज नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटाशी जोडलेला आहे. मग त्या अहवालामुळे कुणाच्या कामात काही फरक का पडत नाही?

कारण पहिला प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. एचआर मॅनेजर सांगतो, पोर्टल उत्तम चाललंय. पोर्टल निवडलेलं असतं त्यानेच.

मग कर्मचाऱ्यांना गूगल फॉर्म जातो. ‘प्रशिक्षणाबाबत आपण समाधानी आहात का?’ पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत. फॉर्म एचआरच्याच ईमेलवरून आलेला. पगारवाढीच्या तोंडावर ‘असहमत’वर बोट ठेवण्याची हिंमत किती जण करतील?

पाय चार्ट निघतो. निष्कर्ष, ई-लर्निंग परिणामकारक आहे. शिफारस, ई-लर्निंग वाढवावं. जो शिकला, त्याच्या टेबलापाशी मात्र दहा मिनिटंही कुणी बसलेलं नसतं.

विद्यापीठात तपासणी कडक असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मजकुरातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे कारवाई. मजकूर उचललेला आहे का, हे सॉफ्टवेअर सांगतं. तो कुणाच्या उपयोगाचा आहे का, हे कोण तपासतं?

मुलांना झोडपून काही साधणार नाही. हातात दोन महिने, कंपनीतली परवानगी एका माणसाच्या मर्जीवर, आणि एकेका मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्यांची रांग. मागच्या वर्षीचा अहवाल समोर ठेवून ‘असंच करा’ म्हटलं की मुलं तसंच करतात. वाट आखून देणारे मोठेच असतात.

गंमत म्हणजे, या अहवालांतली हत्यारं मुळात विद्यार्थ्यांनीच घडवलेली आहेत.

‘सहमत-असहमत’ची ती पट्टी रेन्सिस लायकर्टने कोलंबिया विद्यापीठातल्या पीएचडीसाठी तयार केली. साल १९३२. माणसाचं मत मोजायचं कसं, यावर तेव्हा अभ्यासकांचा खल चालू होता. एका विद्यार्थ्याने सोपा मार्ग काढला. आजचा विद्यार्थी ती पट्टी उचलतो आणि मोजायचं काय, हे ठरवायचंच विसरतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिकचंही तसंच. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, हा त्याचा प्रबंध. विस्कॉन्सिन विद्यापीठ, १९५४. त्यातून पुढे १९५९ पासूनच्या लेखांमध्ये त्याने चार पायऱ्या मांडल्या. प्रशिक्षण आवडलं का, त्यातून शिकले का, कामावर वागणं बदललं का, संस्थेला त्याचं फळ दिसलं का. प्रशिक्षणावरच्या अहवालांत दुसऱ्या प्रकरणात या चारही पायऱ्या असतात. चौथ्या प्रकरणात, जिथे स्वतःची माहिती मांडायची, तिथे पहिलीच उरते.

तिसरा ज्युलियन ऑर. कॉर्नेल विद्यापीठ, १९९०. झेरॉक्स कंपनीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत तो हिंडला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्या गप्पा ऐकल्या. कंपनीने मॅन्युअल दिलं होतं. यंत्रं त्या मॅन्युअलप्रमाणे बिघडत नव्हती. तंत्रज्ञ एकमेकांना अवघड बिघाडांचे किस्से सांगत आणि त्यातूनच शिकत. जेवणाच्या टेबलावर प्रशिक्षण चालू होतं, आणि वरिष्ठांच्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती.

नव्वदच्या दशकात झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची प्रणाली आणली. त्यात तंत्रज्ञांनीच सुचवलेल्या युक्त्या, सहकाऱ्यांनी तपासून घेतलेल्या. तंत्रज्ञान इथेही होतंच. पण मजकूर कामावरच्या माणसांकडून आला, म्हणून कामावरच्या माणसांनी तो वापरला.

आपल्याकडे काय चाललंय?

महाराष्ट्र आणि राजस्थान यांचा धागा इथे जवळचा आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, उभी राहिली, मग तिचा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम एमएस-सीआयटी आला. २००८ मध्ये राजस्थानात तशीच आरकेसीएल सुरू झाली, तिच्या उभारणीत एमकेसीएलचा हात होता. तिथला अभ्यासक्रम आरएस-सीआयटी, परीक्षा कोट्याच्या वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठाची. कितीतरी घरांतल्या पहिल्या माणसाने या वर्गांतच माउस हातात धरला. हे काम मोठं आहे, ते मोठंच म्हणायला हवं.

मग अट आली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं. महाराष्ट्रात तर एमएस-सीआयटी वेळेत पास न झालेल्या कर्मचाऱ्यांची वेतनवाढ अडली. अट घातली की वर्ग भरतात. पण भरलेल्या वर्गात शिकायला किती आले आणि सुटायला किती, हे निकालपत्रावर दिसतं का?

केंद्र सरकारचा आवाका तर आणखी मोठा. २ सप्टेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी, पाच वर्षांत ५१० कोटींहून अधिक खर्च, आणि शिकायला ‘आयगॉट’ हे पोर्टल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘कर्मयोगी सप्ताह’ झाला. प्रत्येकाने किमान चार तास शिकावं, असं लक्ष्य. तासांची नोंद पोर्टल ठेवतं. पाचव्या तासाला टेबलावरची फाइल लवकर सुटली का, याची नोंद कुठे आहे?

व्हिडिओ म्यूट करून बाजूला चालू ठेवायचा आणि आपलं काम करत राहायचं, ही युक्ती आता कुठल्या कार्यालयाला नवी आहे? याला आळस म्हणणं सोपं आहे. पण काम तेवढंच ठेवून वर चार तास शिकायला सांगितलं, तर माणूस ते चार तास आणणार कुठून?

राजस्थान सरकारच्या फायली आता ‘राजकाज’ पोर्टलवर सरकतात. एखाद्या मुरलेल्या बाबूजींना विचारा, हे तुम्हाला शिकवलं कुणी? व्हिडिओचं नाव क्वचित निघेल. नाव निघेल शेजारच्या टेबलावरच्या पोराचं. आपल्या मंत्रालयात विचारा, तलाठी कार्यालयात विचारा, उत्तर हेच.

त्या पोराला काय मिळतं? त्याच्या कामाच्या तासांत ही शिकवणी धरत नाहीत. त्याच्या गोपनीय अहवालात तिचा उल्लेख नसतो. सगळं कार्यालय ज्याच्या जिवावर शिकतं, त्याच्या नावापुढे पोर्टलवर ‘दोन कोर्स अपूर्ण’ असं लिहिलेलं असू शकतं.

हा अन्याय आहे. आणि तो मोजण्याची संधी प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्याइतकी कुणालाच नसते. तो बाहेरचा असतो, त्याला आपली बढती अडेल अशी भीती नसते. ही मोकळीक तो पाय चार्टवर का घालवतो?

साधन बदललं की शिकणं आपोआप सुधारतं, ही समजूत जुनी आहे. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच तिला टाचणी लावली. वाणसामान कुठल्या ट्रकमधून आलं, त्यावर आपलं पोषण ठरत नाही, तसंच शिकवण्याच्या माध्यमाचं, असा त्यांचा मुद्दा. त्यावर वाद झाले, अजून होतात. थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये वर्गातलं आणि दुरून दिलेलं शिक्षण यांची तुलना करणारे ३५५ अहवाल आणि लेख एकत्र केले. त्या सगळ्यांचा सूर एकच, लक्षणीय फरक नाही. तरी आपण ट्रकचाच रंग किती दिवस निरखणार?

विसरण्याचंही शास्त्र आहे. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने निसटतं, आणि अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. एवढं ठाऊक असूनही मार्चअखेरीस एका बैठकीत वर्षभराचे सक्तीचे कोर्स का उरकले जातात?

कारण अहवाल एप्रिलमध्ये वर पाठवायचा असतो.

यातला एक सक्तीचा कोर्स बघा. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा मालकावर जागृतीचे कार्यक्रम घेण्याची जबाबदारी टाकतो. या कायद्याचं मूळ वैशाली नगरपासून फार लांब नाही. भटेरी गावच्या भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं आली. एका बाईने काम करताना मोजलेली ही किंमत. आणि हा कायदा आपण शिकतो कसा? ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, दहा प्रश्न, प्रमाणपत्र.

कोर्स पुरा झाल्यावर एखाद्या मुलीला तक्रार कुठे करायची ते कळलं का? तक्रार करायचं बळ आलं का? विद्यार्थ्यांनो, हे विचारा. समाधानाची पट्टी इथे काय कामाची?

साधनच चुकतं तेव्हा काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता तोकडी, ते तापायचे, बंद पडायचे. त्यात पोषण ट्रॅकर अॅपमध्ये माहिती भरायची इंग्रजीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. गावातल्या लेकराबाळांची वजनं आणि आहार वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये नोंदवणाऱ्या या बाया. त्यांना शिकता येत नव्हतं, असं कोण म्हणेल?

प्रशिक्षण कमी पडलं, असं म्हणायला वरचे नेहमी तयार असतात. त्याचा खर्च ठरलेला, त्याचा ठेकाही ठरलेला. साधन चुकलं असं म्हटलं की ते कुणी निवडलं, हा प्रश्न येतो. म्हणून पुन्हा प्रशिक्षण.

मग जुनं तेच सोनं म्हणायचं? मुळीच नाही.

जयपूरने रत्नांना पैलू पाडायची कला उस्तादाशेजारी बसवून शिकवली. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारीतून हेच दाखवलं. माणूस कडेला बसून छोटी कामं करत हळूहळू आत सरकतो आणि शिकतो. पण त्या बैठकीत जागा कुणाला होती? मुलींना किती होती? परक्या घरातल्या पोराला किती?

तंत्रज्ञानाचं खरं मोल इथे आहे. ज्यांना उस्तादाशेजारी कुणी बसू दिलं नसतं, त्यांना ते आत आणू शकतं. शहर सोडता न येणारी मुलगी, पाळीत काम करणारा वॉर्डबॉय, दुपारी दुकान आणि रात्री अभ्यास करणारा पोरगा, यांना फोनवरचा धडा आधार देतो. म्हणूनच तो धडा भिकार असला तर राग यायला हवा. ज्यांच्याकडे दुसरी वाट नाही, त्यांचीच त्यात फसवणूक होते.

तर मग प्रोजेक्ट करायचा कसा?

अख्खी कंपनी नको. एक काउंटर घ्या, एक काम घ्या. बिल बनवणं, खातं उघडणं, औषध देणं. कोर्सच्या आधी त्या कामात चुका किती होत होत्या, ते मोजा. कोर्सनंतर मोजा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा खाली आला नसेल तर तेही छापा. नापास झालेला कोर्स दाखवणारा प्रोजेक्ट नापास ठरत नाही, हे मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मग टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसा. अडल्यावर माणूस कुणाला हाक मारतो, ते लिहा. ज्याला दिवसभर हाका येतात, त्याची मुलाखत घ्या. मॅनेजरची राहिली तरी चालेल.

उत्तरं देणाऱ्यांची नावं कंपनीला देऊ नका. फॉर्म तुमचा, लिंक तुमची. आणि अहवालाची दोन पानं सोप्या हिंदीत किंवा मराठीत त्याच कर्मचाऱ्यांना परत द्या. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना वाचताही येऊ नये, हा कुठला अभ्यास?

कंपन्यांकडेही मागणं आहे. कोर्स कामाचा भाग असेल, तर त्याचे तास कामाच्या तासांत धरा. शिकवणाऱ्या सहकाऱ्याचा वेळ पगारात मोजा. हे परवडत नसेल, तर पोर्टलचं वार्षिक बिल कसं परवडतं?

लायकर्ट, कर्कपॅट्रिक, ऑर. तिघांनी आपापल्या काळात अडलेला प्रश्न हातात घेतला आणि त्यांच्या प्रबंधांनी पुढच्या पिढ्यांची हत्यारं घडवली. वैशाली नगरातल्या किंवा नाशिक-नांदेडच्या मुलांकडून एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? त्यांची बुद्धी कमी नाही. त्यांच्याकडून मागणंच कमी केलं गेलंय.

मार्गदर्शकांनो, यंदा अहवाल हातात आला की आधी एवढंच शोधा, यामुळे नेमकं कुणाचं, कोणतं काम सोपं झालं किंवा होईल? उत्तर सापडलं नाही, तर सही करू नका.