दोन भिसे, एक पिन आणि लाखाचा चरखा

"गुरुजी, पेटंट काढायला किती पैसे लागतात हो?"

कुंपणापलीकडच्या खाटेवर उडदाचे पापड पसरता पसरता मालतीवहिनींनी विचारलं. वहिनींचा प्रश्न कधी एकटा येत नाही, त्याच्यामागे एखादा नातेवाईक असतोच. या खेपेला धुळ्याचा भाचा होता. त्यानं जुन्या स्कूटरच्या इंजिनाला कोळप्याची पास जोडून कपाशीत चालणारं यंत्र बनवलंय, आणि जो तो त्याला सांगतोय, पेटंट काढ, लाखात लोळशील.

"पैशाचं मागाहून बघू. त्यानं ते दाखवलंय कुणाकुणाला?"

"अख्ख्या गावाला. मोबाईलवर फिल्म काढून पाठवलीसुद्धा सगळीकडे."

"मग अर्धं काम तिथंच बिघडलं. पेटंटला वस्तू नवी लागते. अर्जाच्या आधीच चारचौघांत मांडली की ती जुनी धरतात."

"हे बरंय! न दाखवता त्याला कळणार कसं, चालतं की नाही ते?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून मी शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिशांचा विषय काढला. जामनेर तालुक्यातला हा लहान शेतकरी. बैलजोडी परवडेना. सायकलवर ओझं लादून ढकलत नेणारा माणूस त्यांनी पाहिला आणि सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि मागे कोळप्याची पास एवढ्यावर एका माणसानं ढकलायचं कोळपं उभं केलं. नाव ठेवलं 'कृषिराजा'. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्याची दखल घेतली.

"याच आडनावाचे दुसरे एक होते," मी म्हटलं, "शंकर आबाजी भिसे. १८६७ साली मुंबईत जन्मले. किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र काढलं आणि लंडनच्या एका मासिकाची स्पर्धा जिंकली."

"किराणा तोलणारं? मग वाण्यानं काय करायचं?"

वहिनींच्या अशा शंकांकडे दुर्लक्ष करायला मी शिकलोय. हे भिसे काँग्रेसचे पुढारी दिनशा वाच्छा यांची चिठ्ठी घेऊन लंडनला दादाभाई नौरोजींच्या दारात गेले. दादाभाईंनी पाठबळ दिलं. मग काय, विजेच्या जाहिरातीच्या पाट्या, स्वयंपाकघरातली साधनं, आपोआप पाणी सुटणारा संडास, एकामागून एक सुरूच. सगळ्यांत मोठं काम म्हणजे छापखान्याचे खिळे ओतणारं 'भिसोटाईप'. पण ते कारखान्यात उभं करायला भांडवल लागतं. दादाभाईंनी पैसा उभा करण्यासाठी गाठलं कुणाला, तर हिंडमन यांना. हा माणूस इंग्लंडातला नामांकित समाजवादी, भांडवलशाहीचा वैरी!

"म्हणजे भांडवल मागायला भांडवलाच्या शत्रूकडे?"

"अहो, अगदी तसंच. तो डाव फसलाच. भिसे १९०८ साली हात हलवत मुंबईला निघाले. पण पुढे गोपाळराव गोखल्यांनी त्यांची रतन टाटांशी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या चिरंजीवांशी, गाठ घालून दिली आणि पुन्हा गाडी रुळावर आली. नंतर ते अमेरिकेला गेले, १९३० मध्ये एडिसनला भेटले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटं नावावर होती."

"आणि पैसा?"

"यंत्रांनी फारसा दिला नाही. कमाई झाली ती आयोडीनच्या एका औषधानं."

वहिनींनी पदराची पिन काढून पुन्हा नीट लावली. त्या पिनेवरून मला वॉल्टर हंट आठवला. १८४९ साली न्यूयॉर्कच्या या गृहस्थाच्या डोक्यावर पंधरा डॉलरचं कर्ज होतं. ते फेडायचं कसं या विवंचनेत तार वाकवत बसला आणि सेफ्टी पिन तयार झाली. पेटंट घेतलं नि चारशे डॉलरला विकून टाकलं.

"चारशे? काय बाई येडा माणूस!"

मला तो येडा वाटत नाही. पंधराच्या कर्जावर चारशे मिळाले, घेणेकरी दारातून हलला. पण वहिनींना व्यवहारात हरवणं अवघड, तेव्हा मी वाद घातला नाही.

आपल्या देशातली हकीकत तर आणखी गमतीची. हिंदुस्थानातला पहिला पेटंटाचा अर्ज ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग नावाच्या इंजिनिअरनं केला, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा दोरीनं ओढायला माणूस बसवावा लागे, त्याला पर्याय. हक्क चौदा वर्षांचा. पण पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला, कारण तो करताना राणीची मंजुरीच घेतलेली नव्हती! लोकांना परवाना देणाऱ्या कायद्यालाच परवाना नव्हता. १८५९ मध्ये तो नव्यानं करावा लागला.

"आमच्या यांच्या जिनातलं यंत्र कुणाचं मग?" वहिनींचे यजमान जळगावच्या जिनात फिटर होते.

खानदेशात कापूस आणि जीन याशिवाय गप्पा पुऱ्या होत नाहीत. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९४ साली तारेच्या दात्यांच्या जिनाचं पेटंट घेतलं आणि सरकी काढून देण्याबद्दल शेतकऱ्याकडून पाचात दोन हिस्से कापूस मागितला. कोण देतो? जो तो लोहाराकडे गेला आणि तसंच जीन करून घेतलं. व्हिटनी वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालत राहिला. आपल्याकडच्या जिनात मात्र त्याचे दाते नाहीत, रूळ आहेत. ती पद्धत १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या मॅकार्थीची.

"पाचात दोन! लोकांनी केलं ते बरंच केलं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या माहेरी कपाशी आहे, हे इथं सांगायला हवं. माहेर फैजपूरचं. १९३६ साली खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन तिथं भरलं. त्यामुळे गांधीजी हा त्यांना घरचाच विषय वाटतो. "गांधीजींनी काढलं होतं का हो चरख्याचं पेटंट?"

त्यांनी पेटंट काढलं नाही, पण १९२९ साली त्यांच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. तेव्हाचे लाख! अटी ऐका. यंत्र हलकं हवं, झोपडीत मावायला हवं. बाईमाणसाला न थकता आठ तास चालवता यावं आणि तेवढ्यात सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकावं, दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांवर जाऊ नये. ते हिंदुस्थानातच बनलेलं असावं. पेटंट हवं तर खुशाल घ्या, पण बक्षीस मिळालं की तो हक्क संघाच्या स्वाधीन करायचा.

मला ही शेवटची अट फार शहाणपणाची वाटते. शोध लावणाऱ्याला एकदाच भरघोस रक्कम, आणि नंतर कुणाही सुताराला तो चरखा करायची मोकळीक. हंटला चारशे मिळाले, व्हिटनीला कोर्टकचेरी. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

"मग मिळालं कुणाला?"

"कुणालाच नाही. सगळ्या अटींत बसणारं यंत्र आलंच नाही."

वहिनींनी पापड उलटला. "वीस वर्षं न बिघडणारं, दीडशेत, आणि वर बाईला न थकवणारं? अहो गुरुजी, एवढ्या अटी तर आमच्याकडे पोरीचं स्थळ बघतानासुद्धा कुणी घालत नाही."