साठावा निर्देशक

हवामान बदलाशी जुळवून घेण्यात देश किती पुढे गेला हे मोजायचं कसं, याचा निकाल अखेर लागला. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत जगभरच्या सरकारांनी हजारो सूचनांची यादी आटवत 59 निर्देशकांवर आणली. सगळे ऐच्छिक. म्हणजे परीक्षा ठरली. पेपर द्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने पाहावं.

पनवेलजवळचं आमचं विचुंबे गाव या परीक्षेला बसायला तयार आहे. तयारीही जुनी. 2008 मध्ये दिल्लीने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, आठ अभियानांसह. 2014 मध्ये ‘टेरी’ या संशोधन संस्थेने महाराष्ट्राला अनुकूलनाचा, म्हणजे जुळवून घेण्याचा, आराखडा लिहून दिला. 2015 मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी आला आणि 2022 मध्ये त्याचा योजनेचा दर्जा गेला; निधीनेही परिस्थितीशी जुळवून घेतलं म्हणायचं. 2020 पासून राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान गावा-शहरांना पंचमहाभूतांवर गुण देतं. त्यातलं जल आमच्याकडे जुलैत आपणहून दारी येतं.

गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरून पनवेलच्या खाडीला मिळते. पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी तुंबतं. त्याला हद्दी कळत नाहीत. इकडे ग्रामपंचायत, तिकडे महानगरपालिका, विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राच्या नियोजनाला सिडको, अलिबागला जिल्हाधिकारी. पूर नक्की कुणाचा, हे ठरेपर्यंत तो ओसरतो. इतकं स्वस्त पूरनियंत्रण बेलेमलाही सुचलं नसेल.

खरं अनुकूलन चालतं ते प्लॉटवर. नवी इमारत भराव टाकून रस्त्यापेक्षा उंच होते आणि तिच्या वाट्याचं पाणी शेजारच्या बैठ्या घरात शिरतं. अहवालात इमारत ‘सक्षम’, घर ‘संवेदनशील’. एकीमुळे दुसऱ्यावर ही वेळ आली, हे लिहायला रकानाच नाही.

म्हणून साठावा निर्देशक सुचवतो: कपाटाखालच्या विटा. दर पावसाळ्यात एक वीट वाढली, की कुटुंबाने जुळवून घेतलं. मोजायला सोपं, सरकारचा खर्च शून्य, आणि अहवालात ‘लोकसहभाग’ म्हणूनही खपेल.

पडताळणीला पथक जरूर यावं. मार्चअखेरीस नको, तेव्हा गाढी कोरडी आणि सगळी उद्दिष्टं पूर्ण असतात. जुलैत, भरतीची वेळ पाहून यावं. साहेबांना उभं राहायला विटा आम्ही देऊ. जाताना तेवढ्या परत कराव्यात, कपाटाला लागतात.