मोरोपंतांचा दुसरा राउंड

बंगळुरूच्या नोकरीबाजारात एक मोठी दयाळू चाल आहे. कंपनीने मुलाखतीत नाकारले तरी दार कायमचे बंद होत नाही. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचा, फार तर वर्षाचा 'कूलिंग पिरियड' असतो. तो सरला की त्याच माणसाने, त्याच कंपनीत, त्याच जागेसाठी खुशाल पुन्हा अर्ज करावा. शहराचा स्वभावच तसा आहे. स्टार्टअप बुडवलेला माणूस इथे तोंड लपवून फिरत नाही, त्या बुडवण्याचा 'अनुभव' दाखवून पुढचे भांडवल उभे करतो. राजीनामा आपटून गेलेला कर्मचारी दोन वर्षांनी जास्त पगारावर परत येतो आणि त्याचे केक कापून स्वागत होते. फेसाळून रस्त्यावर आलेल्या आणि पुढे चक्क पेटलेल्या बेळ्ळंदूर तलावालासुद्धा पुनरुज्जीवनाची संधी मिळाली. या सार्वत्रिक क्षमाशीलतेला अपवाद एकच, तो म्हणजे शाळेच्या मराठी पुस्तकात भेटलेला लेखक. त्याला एकदा नाकारले की नाकारले. त्याचा कूलिंग पिरियड पंचवीस वर्षे चालू आहे आणि मनुष्यबळ विभागाकडून काही कळवलेले नाही.

व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत पसरलेल्या मराठी अभियंत्यांपुढे मोरोपंतांचे नाव काढून पाहावे. लाखो लोकांचे व्यवहार सांभाळणारी यंत्रणा चालवणारा चाळिशीतला गृहस्थ क्षणात पंधरा वर्षांचा होतो आणि 'नको रे बाबा' म्हणतो. निकाल पक्का असतो, पण पुरावा तपासू गेले तर हसू येते. एका अफाट रचनेतल्या आठदहा ओळी, त्यांच्याखाली शब्दार्थ, समासात पेन्सिलीने लिहिलेले 'व्ही. इम्प.', आणि 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' या प्रश्नाचे गाइडमधून पाठ केलेले उत्तर, एवढ्यावर खटला निकालात निघाला. न्यायाधीशाचे वय पंधरा आणि वेळ शेवटच्या तासाची, पोटात कावळे ओरडत असलेली. आरोपीला बोलू दिलेच नाही. त्याच्या वतीने गाइड बोलले आणि तेही फितूर निघाले. अशा पुराव्यावर या शहरातला कुठलाही टेस्टर साधा बगसुद्धा नोंदवून घेणार नाही. आपण मात्र त्यावर एका कवीला जन्मठेप दिली.

माझे म्हणणे असे की आपल्याला नावडला तो लेखक नव्हे, परीक्षा होती. दोन कारणे एकत्र आली की कोणत्या कारणाने काय घडले हे ठरवायला एक कारण काढून पाहावे लागते, हे अभियंत्यांना सांगायला नको. तो प्रयोग जगाने आयताच करून ठेवला आहे. चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांत हाच मराठी वाचक रविवारी काफ्का विकत घेतो, कॉफीच्या कपाशेजारी ठेवून त्याचा फोटोही काढतो. तिकडे जर्मनीत काफ्का शाळेत लावलेला असतो आणि तिथली मुले 'लेखकाला काय म्हणायचे आहे' याचे उत्तर लिहिताना आपल्यासारखीच जांभया देतात. पलीकडच्या टेबलावरच्या कन्नड सहकाऱ्याला विचारा. हळगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो आणि दहाव्या शतकातला कवी पंप त्याच्या लेखी आपल्या मोरोपंतांचा सख्खा भाऊ असतो. कन्नड कवी बेंद्र्यांबद्दल मात्र आपले मत उत्तम आहे. त्यांची मातृभाषा मराठी होती आणि ते १९७३ च्या ज्ञानपीठाचे मानकरी होते, हे आपण त्या सहकाऱ्याला अभिमानाने ऐकवतो. त्यांची ओळसुद्धा वाचलेली नाही, हेच या आदराचे रहस्य. दुसऱ्याच्या अभ्यासक्रमातला लेखक कोणालाच रटाळ वाटत नाही.

बर्नार्ड शॉने हे फार आधी ओळखले होते. शेक्सपिअरचा मुलांना जसा तिटकारा येतो तसा आपला येऊ नये, म्हणून आपल्या नाटकांची शालेय पुस्तके करायला त्याने विरोध केला आणि जो करील त्याला शापही देऊन ठेवला. अभ्यासक्रम मंडळे शापाला भीत नसल्यामुळे शॉ शेवटी वर्गात पोचलाच. पण त्याच्याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' रचले, १९७५ मध्ये भक्ती बर्वे ते घेऊन रंगमंचावर आल्या आणि मराठी माणसाने रांगेत उभे राहून, पदरचे पैसे मोजून ते पाहिले. कथानक तेच आणि उच्चारांची शिकवणीही तीच. फक्त पडदा पडल्यावर 'मंजुळाचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न कोणी विचारला नाही. शेजारच्या म्हैसूरचे आर. के. नारायण यांची गोष्ट याहून बोलकी आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते इंग्रजीतच नापास झाले. ज्या भाषेच्या परीक्षेने त्यांना घरी बसवले त्याच भाषेच्या परीक्षांत आज मुले त्यांच्या मालगुडीवर उत्तरे लिहितात आणि काही नापासही होतात. १९८९ मध्ये राज्यसभेत बोलायला उभे राहिले तेव्हा नारायण साहित्यावर नव्हे, पोरांच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलले. त्या दप्तरात आपणही आहोत, याची त्यांना कल्पना असावी.

आता मुख्य उमेदवाराकडे वळू. मोरोपंत पराडकर, जन्म १७२९ पन्हाळा, मृत्यू १७९४ बारामती. यांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. आकडा ऐकून आपल्याला घाम फुटतो, कारण एकच गोष्ट शंभर वेळा सांगणारा माणूस म्हणजे आपल्याला टीम मीटिंग आठवते. पण पंतांनी गोष्ट तीच ठेवून दरवेळी स्वतःला नवी अट घातली, ही बातमी आपल्यापर्यंत पोचलीच नाही. त्यांचे एक 'निरोष्ठ रामायण' आहे. उच्चारताना ओठाला ओठ लागायचा नाही, ही त्याची अट. म्हणजे प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरे बाद. म्हणजे रामकथेत रामाचेच नाव घ्यायची चोरी! जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ मध्ये फ्रेंचमधले सर्वांत जास्त लागणारे अक्षर 'ई' टाळून अख्खी कादंबरी लिहिली, तेव्हा जगभर त्याची तारीफ झाली आणि ती ऐकून आपणही माना डोलावल्या. बारामतीचा पुराणिक तेव्हा वारून पावणेदोनशे वर्षे झाली होती. ज्या शहरात 'अमुक फंक्शन न वापरता, तमुक इतक्याच मेमरीत सोडवून दाखवा' यावर माणसाची लायकी ठरते, तिथे मोरोपंतांना पहिल्या राउंडला नाकारले जावे हा मुलाखत घेणाऱ्याचा पराभव आहे. त्यांचा बायोडेटा कोणी दुसऱ्या पानापर्यंत वाचलाच नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की कसरत म्हणजे कविता नव्हे. मान्य. पंतांचे यमक कधीकधी इतके ओढून आणलेले असते की त्याच्या पाठीवर वळ दिसतात. काही अभिजात पुस्तके खरोखरच कंटाळवाणी आहेत आणि ती मागच्या पिढीनेही न वाचताच थोर ठरवली, हेही शक्य आहे. दुसरी संधी म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. अपिलात जुनी शिक्षा कायमही होऊ शकते. पण मग रटाळपणा लेखकाचा की तासाचा, हे तरी वेगळे करून पाहू. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये आल्या, तेव्हा त्या इतक्या झोंबल्या की अश्लीलतेचा खटला उभा राहिला; १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. याच मर्ढेकरांना पुढे अभ्यासक्रमात जागा मिळाली आणि मुलांना पेंग येऊ लागली. तरुणांनी या कवितेत नको इतका रस घेऊ नये, हे जे काम सरकारी वकिलाला चार वर्षांत साधले नाही, ते प्रश्नपत्रिकेने चाळीस मिनिटांच्या तासात करून दाखवले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पाठ्यपुस्तक नसते तर या लेखकांची नावे तरी कानावर पडली असती का? नसती पडली. पुस्तकाने आपल्या घरी हा पाहुणा आणला, हे त्याचे उपकार. पण तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. समोरच्या व्यक्तीने मान खाली घालून बसायचे, भलत्याच कोणी तरी तिचे गुण सांगायचे आणि आपण बशीकडे पाहायचे, अशा वीस मिनिटांवरून आयुष्यभराचे मत बनवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. भेट घडवणाऱ्या मध्यस्थाचे आभार मानावेत आणि दुसऱ्या भेटीला त्याला बरोबर नेऊ नये.

तिसरा आक्षेप खास बंगळुरी आहे: वेळ कुठे आहे? सिल्क बोर्डच्या सिग्नलला ज्याने एकदा तरी गाडी लावली आहे (तिथे ती थांबत नाही, लागते), त्याने हा आक्षेप घेऊ नये. पैशाचेही कारण उरलेले नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. मोरोपंत केव्हाच मोकळे झाले आणि १९५६ मध्ये गेलेले मर्ढेकरही २०१७ पासून झाले. 'इथे कर्नाटकात जुनी मराठी कशाला' असे म्हणावे, तर शहाजीराजांकडे १६३८ नंतर याच बंगळुरूची जहागीर होती आणि त्यांच्या पदरच्या जयराम पिंड्येने 'राधामाधवविलासचंपू' रचला तो अनेक भाषांचे कडबोळे करूनच. 'भाषा जुनी आहे, कळत नाही' हे तर या शहरात बोलूच नये. इथे दर सहा महिन्यांनी नवी संगणकीय भाषा शिकावी लागते आणि भाजीवाल्याशी बोलायला 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' पहिल्याच आठवड्यात येते. तेवढे 'स्वल्प' मोरोपंतांच्या वाट्याला का येऊ नये?

तेव्हा दुसरा राउंड ठेवावा. त्यासाठी मातृभाषेचे ऋण, संस्कृतीचे रक्षण असली ओझी दप्तरात भरू नयेत; तोही एक अभ्यासक्रमच होतो. दहा पाने वाचावीत, आवडली तर अकरावे उघडावे, नावडली तर पुस्तक मिटावे आणि उमेदवाराला साफ नकार कळवावा. अट एकच, आणि ती माझी नाही. ती तेव्हाच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक कवितेखाली छापलेली होती आणि आपण सगळ्यांनी गाइड पाठ करून ती मोडली होती: 'उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.'