ठिबकराव

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. ठिबकरावही त्याच सालचा. 2018 मध्ये नीती आयोगाने जिल्ह्याला ‘आकांक्षित’ ठरवलं. ठिबकराव मात्र जन्मतःच आकांक्षित. दोघांचाही विकास अजून व्हायचाच आहे, असं त्याचा मामा म्हणतो.

अर्थात हे त्याचं खरं नाव नव्हे. असे ठिबकराव आता मंगरूळपीरला आहेत, कारंज्याला आहेत, शेलूबाजारात तर रसवंतीवर बसलेले असतात. 2020 मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन परतलेली ही पिढी. गावात आल्यावर कोणी कीर्तनाला लागलं, कोणी राजकारणाला. हे ऑटोमेशनला लागले. आमचा ठिबकराव रिसोडात मामाच्या कृषी सेवा केंद्रात बसला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, “मामा, तुमचं लीड नर्चरिंगच नाही.”

“म्हंजे काय असते बाप्पा?”

“गिऱ्हाईक लगेच घेत नाही. त्याला हळूहळू सांभाळायचं, माहिती द्यायची, आठवण द्यायची.”

“मंग मी तीस वर्सं काय करून राह्यलो? चहा पाजून राह्यलो ना!”

पण चहा आपोआप जात नाही, मेल जातो. बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ठिबकरावाने मार्करने आराखडा काढला. मी निवृत्त मास्तर, चार एकरांचा धनी आणि दुकानातल्या बाकड्याचा कायमचा हक्कदार. म्हणून मला तो समजावून सांगण्यात आला. प्रत्येक मालाची वेगळी माळ. सोयाबीनची बॅग घेतली की त्याच दिवशी बीजप्रक्रियेचा मेल. सातव्या दिवशी उगवण मोजा. अठराव्या दिवशी तणनाशक. पस्तिसाव्याला चक्रीभुंगा. पंचाण्णवाव्याला ताडपत्री, आणि रान मोकळं होतंय न होतंय तोच जॅकी हरभरा. तुरीची माळ वेगळी, फवारणी पंपाची वेगळी, पाण्याच्या मोटारीची वेगळी. कागद पाहून मी गप्प झालो. माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत जे एका जागी बसलं नव्हतं, ते पोराने एका कॅलेंडरवर बसवलं होतं.

“याला ड्रिप कॅम्पेन म्हणतात, सर. थेंब थेंब.”

कोपऱ्यात ठिबकच्या नळीचं भेंडोळं सोडवत बसलेल्या फिटरने मान वर केली. नाव तिथेच पडलं.

इतिहासही त्याला पाठ. 3 मे 1978 रोजी गॅरी थुअर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने सुमारे 400 जणांना संगणकाच्या जाहिरातीचा एकच मेल एकाच वेळी पाठवला आणि लोक भडकले, तेव्हापासून ही विद्या सुरू झाली म्हणे. मामाने एवढंच विचारलं, “त्यातले उधारीवाले किती होते?”

प्रश्न वावगा नव्हता, हे लवकरच कळलं. गिऱ्हाइकांची यादी उतरवून घेतली ती मामाच्या वहीतून. आता एकाच नावाचे तीन-तीन जण गावागावात असतात, म्हणून मामा नावापुढे ओळखीची खूण लिहितो. दुसऱ्या गावचा पोरगा टायपिंगला बसवला होता. त्याने खुणेचा रकानाच नावाचा धरला. मेल सुटले. “प्रिय विहिरीपासचे, आपलं स्वागत आहे.” “प्रिय मालेगावचे जावई.” आणि एका प्रतिष्ठित घरात, नातवाने मोठ्याने वाचून दाखवलेला, “प्रिय दिवाळीले देतो म्हणे, आपल्या सोयाबीनची वाढ कशी आहे?”

गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात आले, सगळी बाकी काउंटरवर आपटली आणि समोरच्या दुकानात जाऊन खत घेतलं. ठिबकराव म्हणाला, “पाहा मामा, वसुली झाली!” अशी माणसं कधी हरत नाहीत.

दुसरा घोटाळा जास्त खोल होता. एकाने एकाच बिलात सोयाबीन, तूर, पंप आणि नळ्या घेतल्या. त्याच्यावर चार माळा एकदम सुरू झाल्या. एका सकाळी चार मेल. त्यात पंपवाला म्हणतो आजच फवारा, तूरवाला म्हणतो थांबा. ठिबकराव दोन दिवस स्क्रीनकडे पाहत बसला. शेवटी फिटरच बोलला.

“भाऊ, मोटर पाच एचपीची अन् सारे व्हॉल्व एकदम खोलले, तं शेवटच्या झाडाले काय जाईन? वारं. एक प्लॉट भिजू द्या, मंग दुसरा खोला. अन् भिजला त्याचा बंद करा ना!”

ठिबकरावाने त्याचे शब्द तसेच्या तसे वहीत टिपले. आता एका माणसाला आठवड्यात एकच मेल. दोन माळा भिडल्या तर उभ्या पिकाची पुढे, मोटारीची मागे. आणि माल घेतला की त्या मालाचा तगादा बंद. ‘बंद’ हा भाग पुण्याच्या कोर्समध्येही होता म्हणे, पण शेवटच्या तासाला. त्या तासाला हा परतीचं तिकीट काढत होता. फिटरने पुढे फिल्टर साफ करण्यावरही व्याख्यान दिलं. चोक झालेल्या नळीला ॲसिड सोडावं लागतं, तसे मेलेले पत्ते यादीतून धुऊन काढावे लागतात, हा अर्थ ठिबकरावाने आपला आपण काढला.

पावसाला मात्र कोणाचीच माळ ठाऊक नाही. बिल झालं मृगात, पाऊस गेला लांबणीवर. जमिनीत ओल नाही, पेरणी नाही, आणि अठराव्या दिवशी शिस्तीत मेल: “आपल्या शेतात आता तण दिसू लागलं असेल.” तण सोडा, लोकांना ढग दिसत नव्हता. मग त्याने मेलातच विचारलं, “पेरणी झाली का? हो / नाही.” उत्तरावर माळ पुढे सरकणार.

उत्तरं आली, आणि धो धो आली! मेलात डोळ्याला न दिसणारं एक चिमुकलं चित्र असतं; मेल उघडला की पाठवणाऱ्याला खबर लागते. शंभरातले नव्वद मेल उघडले जात होते, तेही पहाटे. सगळ्यांचं उत्तर “नाही”. ठिबकरावाने पेढे वाटले. मी दोन घेतले. मग त्याने या तापलेल्या गिऱ्हाइकांचा माग काढला आणि मोटारसायकलवर बसून निघाला, डिकीत मोटारीचं माहितीपत्रक.

पोचला तो एका ई-सेवा केंद्रात. शेतकऱ्यांकडे मेल कुठला? विम्याचा फॉर्म भरताना केंद्रवाल्याने स्वतःचाच पत्ता टाकलेला, आणि ठिबकरावाने मेल मागितला तेव्हा सगळ्यांनी तीच पावती पुढे केली. एकच पत्ता दुसऱ्या फॉर्मला चालत नाही, म्हणून तो नावातलं टिंब दर वेळी इकडेतिकडे सरकवायचा. जीमेल टिंब मोजतच नाही. शेकडो पत्ते, पेटी एक.

“रोज सकाळी दीडशे जण मले इचारतात, पेरणी झाली का,” केंद्रवाला हात जोडून म्हणाला. “मले वावरच नाही ना जी!”

ठिबकरावाने त्याला तिथेच यादीतून काढलं. उघडणाऱ्यांचा आकडा नव्वदवरून चारवर आला. त्या चारांत मी नव्हतो, याचं त्याला वाईट वाटलं. “सर, तुम्ही तर स्वतःचा पत्ता दिला होता.”

दिला होता खरा. उगीच पोराचं मन मोडायला नको म्हणून रात्री चष्मा लावून पेटी उघडली. जूनपासूनचे मेल साचले होते. वहीत माझ्यापुढे ‘मास्तर’ लिहिलं असेल, फार तर ‘रोखीवाले’. मी उधारी ठेवत नाही. सगळ्यात जुना मेल उघडला.

“प्रिय भाव करते अन् घेत नाही, आपल्यासाठी खास सवलत!”