निळी टोपी, काळं तेल

चीनचे अधिकारी एक वाक्य वारंवार ऐकवतात: सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांत सगळ्यात जास्त शांतिसैनिक आमचे. खरं आहे. बाकीच्या चौघांनी माणसं पाठवताना हात आखडता घेतला की पहिला नंबर फारसा घाम न गाळता मिळतो. भारताच्या निम्मेही जवान न पाठवता चीनला तो मिळाला आहे.

हेच चिनी सैन्य १९५० साली कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालच्या फौजांशी लढत होतं. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली, तरी पुढची दहा वर्षं शांतिसेनेच्या ठरावांवर ना मत, ना वर्गणी. १९९० मध्ये पाच निरीक्षक पश्चिम आशियात गेले, १९९२ मध्ये कंबोडियात अभियंता दल. मग रस्ते, पूल, दवाखाने. सगळं सोज्वळ.

पण रुसवा संपला नव्हता. जानेवारी १९९९ मध्ये मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिली आणि महिनाभरात तिथल्या शांतिसेनेच्या मुदतवाढीवर चीनचा नकाराधिकार पडला. कारण दिलं, तिथे आता शांतता आहे. पुढच्या महिन्यात शेजारच्या कोसोवोत नाटोचे बॉम्ब पडू लागले.

खरी गंमत दक्षिण सुदानची. तिथल्या तेलविहिरींत चिनी सरकारी कंपनीचा मोठा पैसा अडकलेला. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेनेची जबाबदारी नव्याने ठरवली. नागरिकांना धोका कुठे आहे, याची यादी ठरावात आली: शाळा, प्रार्थनास्थळं, रुग्णालयं आणि तेलाची ठिकाणं! देवळाच्या रांगेत पेट्रोलपंप बसवावा तसं. पाठोपाठ चीनने आपली पहिली पायदळाची बटालियन तिथेच पाठवली, ७०० जवानांची. आणि त्याच २०१४ मध्ये चीनच्याच नोरिन्को कंपनीची शस्त्रं तिथल्या सरकारकडे पोचली. बंदूकही आमची, बंदोबस्तही आमचा.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबातल्या लढाईत दोन चिनी जवान मारले गेले. त्यांच्या मरणावर तिरकस लिहिण्यासारखं काही नाही. मात्र त्याच लढाईत चिनी तुकडीने काही मोर्चे सोडल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत नोंदलं गेलं, तेही विसरायचं कारण नाही.

आता पैसा. शांतिसेनेच्या खर्चात चीनचा वाटा २४ टक्क्यांच्या जवळ गेला आहे, अमेरिकेच्या खालोखाल. अमेरिका थकबाकी वाढवत चालली आहे, त्यामुळे चीनच्या धनादेशाचं वजन आणखी वाढतं. भारताचा वाटा एक टक्काही नाही. आपण देतो ती माणसं. आजवर सुमारे १८० भारतीय शांतिसैनिक मारले गेले, कुठल्याही देशाहून जास्त. १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया काँगोत पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. भारताला सुरक्षा परिषदेत कायमची खुर्ची मात्र अजून मिळायची आहे.

चीनवर चिडण्यात अर्थ नाही. नकाराधिकार, धनादेश आणि बटालियन ही तिन्ही ज्याच्या हातात, तो आपल्या सोयीची शांतताच राखणार. अमेरिकेनेही वेगळं काही केलेलं नाही. आपण फक्त एक करावं. शांतिसेनेचा पुढचा ठराव येईल तेव्हा भाषणं सोडून मूळ मजकूर वाचावा, आणि शाळा-रुग्णालयांच्या शेजारी या वेळी कुणाची मालमत्ता बसवली आहे ते बघावं.