सुनेचा बिबट्या

अहो वहिनी, या जरा भिंतीजवळ. कपडे घाला नंतर वाळत, ऊन कुठं पळून जात नाही. अमेरिकेहून आल्यापासून तुमच्याशी बोलायचं म्हणतेय, पण दुपारी बाराला डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग. बरं, ते असू दे. तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना, व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागं टीव्हीत बिबट्या चाललाय का म्हणून? टीव्ही बंद होता. ते आमच्या सुनेचं मांजर.

खोटं कशाला सांगू! बेंगाल म्हणतात त्या जातीला. बंगालमधून नाही हो आणलेलं, जात अमेरिकेतच तयार झालेली. नाव सोन्या. मी पहिल्यांदा दार उघडून आत गेले तर हा जिन्याच्या कठड्यावर उभा. खांदे खाली, मान पुढं, नजर माझ्या पिशवीवर. मी तिथंच रामरक्षा सुरू केली. मुलगा म्हणतो, आई, मांजर आहे ते. म्हटलं, ते मला नको सांगूस, त्याला सांग.

पण देखणा हो! तांबूस सोनेरी अंग, त्यावर चट्टे, आणि चट्टा म्हणजे नुसता काळा ठिपका नाही. कडेनं काळा, आत तपकिरी, बिबट्याला असतो तस्साच. पोट फिकट, पण त्यावरही ठिपके. डोळ्यांना काजळ घातल्यासारखी रेघ. हात फिरवला तर आपल्या मनीसारखी भुसभुशीत लव नाही लागत, आखूड, दाट, रेशमी. आणि खिडकीशी उन्हात बसला की केसाकेसाचं टोक चमकतं. मी आधी सुनेला विचारलं, काय लावतेस गं ह्याला? काही लावत नाहीत. उपजतच चमक आहे.

किंमत? नका विचारू. दोन हजार डॉलरच्या पुढं. रुपयांत हिशेबही करू नका. मी केला आणि रात्री जेवण गेलं नाही.

आता बघा, मुलगा-सून सकाळी आपापल्या कामाला लागले की घरात दोघंच, मी आणि बिबट्या. म्हणजे खरं सांभाळलं कुणी? पाण्याचं त्याला भारी वेड. आपली मनी पाण्याचा एक थेंब लागला तर घटकाभर पंजा झटकत बसते. हा बेसिनमध्येच झोपायचा. तिकडचे नळ दांडीचे असतात ना, वर ढकललं की सुरू. तेवढं त्याला जमायचं. बंद करणं त्याला जमत नाही. (घरातल्या बाकीच्या पुरुषांचं तरी काय वेगळं आहे म्हणा.) कॅलिफोर्नियात आधीच पाण्याची बोंब, शेवटी मुलानं नळच बदलून घेतला.

माझी पूजा चालली की समोर येऊन बसायचा. मला वाटलं, मागच्या जन्मीचा कुणी पुण्यवान जीव असेल. कसला पुण्यवान! लक्ष सगळं तांब्यात. पळी हलली की ह्याचा पंजा आत. बाळकृष्णाची अंघोळ व्हायच्या आधी ह्याची तीन आचमनं व्हायची. मग मी काय करायला लागले, शेजारी एक वाटीभर पाणी त्याच्यासाठीच ठेवायचे. वाटीतलं पाणी पंजानं ढवळत, पिता-पिता सगळं फरशीवर सांडत तो बसायचा, आणि मी तोवर अभिषेक उरकून घ्यायची.

आणि उंच जागा म्हणजे त्याचीच. इथून नेलेली थालिपीठाची भाजणी मी फ्रिजवर ठेवली होती, त्याच्यापासून लांब राहावी म्हणून. ओट्यावरून फ्रिजवर एका उडीत. डबा खाली, झाकण एकीकडं, आणि भाजणीतून उमटलेली पावलं थेट दिवाणखान्यापर्यंत. दारांना दांडीची कुलपं, तीही उघडतो. लहान मूल असलेल्या घरात कपाटांना कड्या बसवतात ना, तसल्या कड्या त्यांनी मांजरासाठी बसवल्यात.

रात्रीचं तर सांगूच नका. घरात त्याच्यासाठी चाक आहे. कमरेएवढं उंच, आत शिरून धावलं की जागच्या जागी फिरतं. पहाटे तीनला घरघर ऐकून मी दचकून उठले, बघते तर साहेब पळतायत. सून म्हणते, आई, त्याची रग जिरवायलाच लागते, नाहीतर तो स्वतःच काहीतरी उद्योग काढतो. खरं आहे ते. सकाळ-संध्याकाळ काठीला पिसं बांधून त्याला नाचवायचं. केसाचं रबर फेकलं की पळत जाऊन तोंडात धरून आणून देतो आणि ओरडतो, पुन्हा टाक. तेही म्यांव नव्हे. घोगरा, लांबलचक, खोलीबाहेर ऐकू जाणारा आवाज. माझा उजवा खांदा दुखायला लागला रबर फेकून.

बाहेर? छे, बाहेर मोकळं सोडत नाहीत. तिकडं वस्तीतसुद्धा कायोटी येतात, कोल्ह्याचे भाऊबंद, मांजर दिसलं की उचललंच. म्हणून अंगात पट्टे घालून, दोरीनं फिरवायचं. आणि वहिनी, तिकडची कुंपणं बघा म्हणजे इथल्या भिंतीची किंमत कळेल. माणसाच्या डोक्याच्या वर फळ्या. कोपर टेकून बोलायची सोयच नाही. सोन्या एकदा दोरीसकट त्या फळ्यांवर चढला आणि पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, अगंबाई, बेंगाल! म्हणजे तिच्या भाषेत काय असेल ते. ऐंशीच्या घरातली, मांजरांच्या स्पर्धांना उभा जन्म गेलेली बाई. मग काय, तिच्या अंगणात खुर्च्या, सून मध्ये बसून मराठी करून सांगतेय आणि सगळं ऐकतेय मी. असली कहाणी आहे या जातीची, ऐका.

जीन मिल म्हणून एक बाई होती. साठ-बासष्टच्या सुमाराला तिकडं दुकानांतून रानटी जनावरंसुद्धा विकायला असायची. तिनं एक रानमांजर घेतलं, मादी. आपल्याकडंही आहे हो ते, कोयनेच्या जंगलात, कोकणात. अंगावर बिबट्याचे ठिपके, अंगानं घरच्या मांजराएवढं. ती एकटी पडते बिचारी, म्हणून बाईंनी सोबतीला काळा बोका ठेवला. एक रानातली, एक घरातला, ह्यांचं काही जमायचं नाही अशी बाईंची समजूत. जमलं. 1963 ला पिल्लू झालं, किन-किन नाव ठेवलं.

पुढं नवरा गेला आणि तो सगळा नाद मागं पडला. दुसरं लग्न झालं, कोविनाला आली, कॅलिफोर्नियातच आहे ते. मधल्या काळात विलर्ड सेंटरवॉल म्हणून एक डॉक्टर हाच संकर मुद्दाम करत होते. मांजरांना विषाणूपासून रक्ताचा कर्करोग होतो, तो ह्या रानमांजरांना होत नसावा असा अंदाज होता, म्हणून पिल्लांचं रक्त तपासायचं. तपासून झालं, आता पिल्लं द्यायची कुणाला? 1980 च्या सुमाराला जीनबाईंनी त्यातल्या माद्या घरी आणल्या. माद्याच का, तर ह्या संकरातले पहिल्या दोन-तीन पिढ्यांचे बोके वांझ निघतात. म्हणजे ह्या पोरींना नवरे बाहेरूनच शोधायला पाहिजेत.

आणि स्थळ कुठं मिळालं असेल? दिल्लीत! हसू नका. 1982 ची गोष्ट. तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात एक भटका बोका राहायचा, नारिंगी सोनेरी, अंगभर ठिपके. त्याला उचलून अमेरिकेला नेला, टोरी ऑफ दिल्ली असं नाव लावलं, आणि आज जगभरच्या बेंगाल मांजरांची ती जी चमक आहे ना, ती त्याच्याकडून आलेली. तिकडं पुढच्याच वर्षी जातीची नोंदणी झाली, 1991 पासून मोठ्या स्पर्धांत उतरायला मोकळीक मिळाली. आणि आपण? दिल्लीच्या बोक्याला हाडहूड करून हाकलतो. मी सुनेला म्हटलं, अगं, दिल्लीतच मागितला असतास तर पोत्यात घालून फुकट दिला असता कुणीतरी.

म्हातारी म्हणाली, जीनबाईंचं म्हणणं असं की माणसाच्या घरात, मांडीवर असं ठिपक्यांचं जनावर असलं की त्याच ठिपक्यांचे फरकोट घालायची त्याला लाज वाटेल. असेल बाई. माझं मत वेगळं आहे. ज्याला मिरवायचंय तो कोटही मिरवतो आणि मांजरही. पण हेतू चांगला होता, मला त्यात खोट काढायची नाही.

आणि आता सगळ्यात मजा. मुलगा म्हणाला, आई, 2024 ला स्टॅनफर्डच्या लोकांनी हजाराच्या जवळपास बेंगाल मांजरांची जनुकं तपासली. म्हणजे आमच्या इथून तासाभरावर. आणि निघालं काय? सरासरी शंभर हिश्शांत जेमतेम साडेतीन हिस्से रानमांजर. बाकी सगळं घरचं! ते चट्टे, ती चमक, बरंचसं घरच्या मांजरांत पूर्वीपासूनच होतं, ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून-निवडून एका अंगावर गोळा केलं. म्हणजे मी रामरक्षा म्हटली ती कुणाला बघून? नाक्यावरच्या बोक्याच्या चुलतभावाला. त्या दिवसापासून माझी भीती गेली. जेवताना ताटाकडं आला की सरळ पाठीत धपाटा. सून बघत नसेल तेव्हा.

तरी रुबाब कमी नाही बरं त्याचा. साडेतीन का होईना, ते पुरतात. पहिल्या पिढीतलं, म्हणजे आई-बापांतलं एक रानातलं असं पिल्लू तर घरात ठेवण्यासारखं नसतंच म्हणे. भेदरट, कोपऱ्यात दडून राहणारं, जागोजागी मुतून ठेवणारं. इंग्लंडात तसलं पाळायला परवाना लागतो. हवाई बेटांवर तर पुढच्या पिढ्यांनाही मज्जाव. चौथ्या पिढीपासून पुढचं मांजरच घरात नांदतं. सोन्या कितव्या पिढीतला ते विचारून घेतलं मी, खूप पुढचा आहे, कागदच दाखवले सुनेनं. आपल्या घरात लग्नाच्या वेळी एवढी वंशावळ कुणी तपासली नव्हती.

दुखणी? आहेत ना. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार ह्या जातीत आढळतो, म्हणून मधूनमधून सोनोग्राफी. एक डोळ्यांचा आजार असतो, त्यात लहानपणीच हळूहळू दिसेनासं होतं. त्याची तपासणी आई-बापाचीच करून घेतात, चांगला पैदास करणारा असेल तर. खाणं मांसाहारी. आमच्या घरात सोवळ्याचं कपाट एकीकडं आणि फ्रिजमध्ये कोंबडीच्या काळजाचा डबा दुसरीकडं. पहिले चार दिवस मी तोंड फिरवून दूध काढायची. मग म्हटलं, त्याचा धर्म तो, माझा धर्म मी.

काय म्हणालात? नातवाला हवंय? पुण्यात मिळतं म्हणून जाहिरात बघितली त्यानं? अहो, मिळत असेलही, पण वहिनी, दोन खोल्यांचा फ्लॅट, दोघं नोकरीला, आणि पोरगा दिवसभर क्लासला. ते मांजर पडदे फाडेल, नाहीतर वेड्यासारखं ओरडेल आणि खालचे-वरचे शेजारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतील. त्याला रिकामं माणूस लागतं घरात, माझ्यासारखं. आणि दुसरं एक त्याला नीट सांगा. कुणी जंगलातलं, उसातलं पिल्लू स्वस्तात देतो म्हणालं तर हात लावायचा नाही. ते रानमांजर वन्यजीव कायद्यात वाघाच्याच परिशिष्टात आहे, पहिल्या. पाळलं तर थेट तुरुंग. ऊसतोडीला फडात खऱ्या बिबट्याची पिल्लं सापडतात ना, जुन्नरकडं वनखात्याची माणसं ती खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन तोंडात धरून घेऊन जाते. आपण उचलून आणलं की ती आई फडाभोवती हिंडत राहते. वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करायचा, येतात लोक.

हं, एक सांगायचं राहिलंच. त्या म्हातारीच्या मांडीवर एक मांजर असायचं, ते ठिपक्यांचं नव्हे, पट्ट्यांचं! चक्क वाघ. टॉयगर म्हणतात त्याला. आणि ही जात कुणी काढली, ओळखा? जीन मिलच्या लेकीनं, जुडी सग्डन. आईनं बिबट्या केला, लेकीनं वाघ करायला घेतला. कपाळावर नीट खुणा याव्यात म्हणून तिनं 1993 ला एक बोका मागवला, तोही पुन्हा आपल्याकडचाच, काश्मीरच्या रस्त्यावरचा. जम्मू ब्लू नाव. मायलेकींनी आपले रस्ते चांगलेच धुंडाळलेले दिसतात.

झालं, सुनेनं ते मांजर पाहिलं आणि डोळे चमकले तिचे. घरी येताना मुलाला म्हणते कशी, सोन्याला सोबत हवी नाही का? मी मागं चालत होते, मी तिथूनच सांगितलं, सोबत म्हणून ठेवलेल्या बोक्याचं काय झालं ते आत्ताच ऐकून आलोय आपण. ती म्हणाली, आई, सोन्याचं ऑपरेशन झालंय. म्हटलं, त्याचं झालंय गं, पण दुसऱ्या वाळूच्या डब्याचं काय? पहिला रोज मी उपसतेय.